अंगठा कोणाचा?

सर्वश्रेष्ठांच्या याद्या करण्याचा नाद अलीकडे इतका वाढला आहे, कीं कोणत्याही कलेचें नांव काढावें आणि त्या कलेंतील पहिले दहा, पहिले पन्नास, पहिले शंभर क्रमवार मांडून ठेवलेले हटकून सांपडावे. अमेरिकेंतील कंट्री संगीतही ह्या आपत्तींतून सुटलेलें नाहीं. त्या संगीतांतील सर्वांत थोर गिटारवादक कोण, ह्या प्रश्नाचीं उत्तरें आम्हीं आजवर बरींच वाचलीं. आणि तीं वाचून आमचें मत असें झालें आहे, कीं यादी करणारांनीं जी मोजपट्टी हातीं घेतली ती मुळांत ह्या संगीताची नव्हेच. कापडाच्या गजानें दूध मोजावें, तसला हा प्रकार आहे. आणि चुकीच्या मापानें मोजलें म्हणजे कोणाच्या तरी पदरीं कमी पडतेंच. येथें तें कोणाच्या पदरीं पडलें, हें दाखविण्यासाठींच हा लेख आहे.

आपल्याकडील घरांत गिटार पोहोंचली ती पुष्कळ अंशीं हजारा सिंग किंवा सुनील गांगुली ह्यांच्या तबकड्यांतून, चित्रपटांतील गाण्यांच्या सुरावटी वाजवणारी. ती आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवण्याची रीत हवाई बेटांची. तीच रीत अमेरिकेच्या दक्षिणेंतही गेली आणि ‘स्टील गिटार’ ह्या नांवानें कंट्री संगीतांत रुजली. तिचा विचार आम्ही येथें करीत नाहीं. आमचा विषय छातीशीं धरून बोटांनीं छेडण्याची साधी गिटार. कंट्री संगीत म्हणजे अपॅलेचियन डोंगरांतल्या व त्याखालच्या दक्षिणी मुलुखांतल्या कष्टकरी लोकांचें गाणें. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड येथून आलेलीं कथागीतें, चर्चमधलीं भजनें, आणि गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचे ब्लूज, ह्या साऱ्यांचें तें मिश्रण होय. त्यांत कहाणी मुख्य. कोणाची आगगाडी उलटलेली असते, कोणाची आई वारलेली असते, कोणी तुरुंगांत बसून बाहेरच्या शिट्टीकडे कान लावलेले असतात. वाद्य असतें तें ह्या कहाणीच्या सोबतीला.

आतां यादीकारांची कसोटी पाहा. क्षणांत स्वर किती निघाले. गायकाला थांबवून वादकानें एकट्यानें मैदान किती वेळ मारलें. त्याची नक्कल करूं पाहणाऱ्याचीं बोटें किती लवकर थकलीं. ही कसोटी जाझच्या आणि पुढें रॉकच्या रंगमंचावर तयार झाली. तेथें ती योग्यही असेल. तिच्या जोरावर यादींत जे वर चढतात ते सामान्य लोक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. जिमी ब्रायंट (१९२५-१९८०) हा १९५० च्या सुमारास स्पीडी वेस्टच्या जोडीनें जें वाजवी तें ऐकून आजही माणूस थक्क होतो. हँक गारलंड (१९३०-२००४) काय, इंग्लंडांत जन्मलेला आल्बर्ट ली काय, ह्यांच्या बोटांविषयीं आम्हांस आदरच आहे. वेग हें पाप नव्हे. परंतु वेग नाहीं म्हणून ज्याला यादीबाहेर उभें करतात, अशा एका गृहस्थाची हकीकत येथें सांगितली पाहिजे.

लूथर पर्किन्स (१९२८-१९६८) हा टेनेसी संस्थानांतील मेंफिस शहरीं मोटारी दुरुस्त करीत असे. त्याच ठिकाणीं काम करणारा मार्शल ग्रँट आणि सैन्यांतून नुकताच सुटून आलेला जॉनी कॅश हे त्याचे सोबती. तिघेही वादनांत कच्चे. ढोल वाजवणारा जवळ नाहीं, म्हणून कॅश आपल्या गिटारीच्या तारांत कागद अडकवून खरखरता ताल काढी. पर्किन्सला जलद वाजवतां येत नव्हतें. जाड तारा हाताच्या कडेनें किंचित् दाबून तो एकेक स्वर मोजून ठेवी. आगगाडीचें चाक रुळाच्या सांध्यावरून जावें, तसा तो स्वर पडे. ‘फोल्सम प्रिझन ब्लूज’ (१९५५) आणि ‘आय वॉक द लाइन’ (१९५६) हीं दोन गाणीं ह्या चालीवर उभीं आहेत. कॅशचा आवाज जड, सरळ, अलंकार न सोसणारा. त्याच्या मागें कोणी शंभर स्वरांची आतषबाजी केली असती तर त्या कैद्याची कहाणी ऐकावयास कोण थांबलें असतें? आज कोठेंही त्या चालीचे चार स्वर वाजले, कीं ऐकणारा म्हणतो, ‘हा जॉनी कॅश!’ वाजवणारा मात्र पर्किन्स असतो. एका माणसाच्या बोटांनीं दुसऱ्याच्या आवाजाला चेहरा दिला. यादीकार म्हणतात, त्याला फारसें येत नव्हतें. आम्ही विचारतों, ज्यांना फार येत होतें त्यांपैकीं कितीजणांनीं एवढें केलें?

ग्रेडी मार्टिनचेंही (१९२९-२००१) थोडेंबहुत असेंच. मार्टी रॉबिन्सच्या ‘एल पासो’ (१९५९) ह्या दीर्घ कथागीतांत त्याची गिटार गाण्याभोंवतीं वेलीसारखी फिरते, आणि एकदांही गायकाच्या पुढें येत नाहीं. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें कितीएक नामांकितांच्या मागें बसून वाजवलें. मागें बसणाराचें नांव बारीक अक्षरांत छापण्याची खोड केवळ आपल्याच संगीतसभांना आहे असें नाहीं.

असो. यादीकारांशीं आमचा मुख्य वाद ह्याहून मोठा आहे, आणि तो त्यांच्याच पहिल्या नांवापासून सुरू करतां येतो. बहुतेक याद्यांच्या माथ्यावर, किंवा माथ्याजवळ, चेट ॲटकिन्स (१९२४-२००१) हें नांव असतें. आमची कांहीं तक्रार नाहीं. अंगठ्यानें खर्जाचा ताल धरून उरलेल्या बोटांनीं त्याच वेळीं सुरावट वाजवण्याची जी कला त्यानें सिद्धीस नेली, तिला तोड नाहीं. एक गिटार असून दोन वाजतात असें वाटतें. परंतु हा अंगठा त्याला कोठून मिळाला?

ॲटकिन्सनें तो लपवलेला नाहीं. टेनेसीच्या डोंगरांतला हा दम्यानें आजारी पोरगा रात्रीं रेडिओला कान लावून सिनसिनाटीच्या केंद्रावरून मर्ल ट्रॅव्हिस (१९१७-१९८३) ह्याचें वादन ऐकत असे. कानानें ऐकूं येई, पण हात कांहीं दिसत नसे. ट्रॅव्हिस वाजवी तें केवळ अंगठा आणि तर्जनी ह्या दोनच बोटांनीं. पोराला वाटलें, एवढें सारें दोन बोटांतून निघणें शक्य नाहीं. म्हणून त्यानें अंगठ्याच्या जोडीला आणखी दोन-तीन बोटें कामाला लावलीं, आणि गैरसमजांतून स्वतःची नवीन पद्धत बसवली. कलेच्या इतिहासांत असल्या भाग्यवान चुका फार थोड्या.

मग ट्रॅव्हिसचा अंगठा कोणाचा? त्या पद्धतीला आज सारें जग ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणतें. पण स्वतः ट्रॅव्हिस जन्मभर सांगत आला, कीं आपण ही विद्या केंटकी संस्थानांतील आपल्या मुलेनबर्ग परगण्यांत मोज रेगर आणि आइक एव्हर्ली ह्या दोघांकडून घेतली. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा. रेगर आणि एव्हर्ली ह्यांच्या मागें केनेडी जोन्स. आणि जोन्सच्या मागें उभा आहे आर्नल्ड शुल्ट्झ (१८८६-१९३१). शुल्ट्झ कृष्णवर्णीय. तो खाणींत राबे, फिरे, आणि रात्रीं नाचाच्या बैठकींत वाजवी. गोऱ्यांच्या मेळ्यांतही वाजवी. पुढें ‘ब्लूग्रास’ ह्या प्रकाराचा जनक म्हणून गाजलेला बिल मनरो (१९११-१९९६) लहानपणीं नाचांना त्याच्या साथीनें वाजवत असे, आणि आपल्या संगीतावरचें त्याचें ऋण मनरोनें मोकळेपणानें मान्य केलें आहे. जोन्सच्या आईचाही त्याच्या अंगठ्यांत वांटा होता. सारें एकट्या शुल्ट्झपासून निघालें असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पण त्या परगण्यांतल्या वादकांच्या तोंडीं त्याचें नांव पुनः पुनः येतें, ह्याला अर्थ आहे. शुल्ट्झची एकही तबकडी नाहीं. तो पंचेचाळीस वर्षांचा होऊन वारला, आणि कोणत्याही कंपनीनें त्याला ध्वनिग्राहकापुढें बसवलें नाहीं.

तें कां बसवलें नाहीं, हें समजून घेण्याजोगें आहे. १९२० नंतरच्या दशकांत तबकड्यांच्या कंपन्यांनीं दक्षिणेंतील गाण्यांची दोन कपाटें केलीं. कोलंबिया कंपनीनें कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीं १४००० पासूनचे क्रमांक राखले, आणि गोऱ्यांसाठीं ‘जुन्या परिचित सुरावटी’ म्हणून १५००० पासूनचे. ओके कंपनीनें तेंच ८००० आणि ४५००० ह्या आंकड्यांनीं केलें. गांवांतल्या नाचांत, खाणीच्या तोंडाशीं, रेल्वेच्या फलाटावर जें संगीत एकमेकांत मिसळत होतें तें दुकानांत आल्यावर कातडीच्या रंगाप्रमाणें वेगळें झालें. गोऱ्यांसारखें वाजवणारा काळा वादक दोन्ही कपाटांना नकोसा. ह्या व्यापारी सोयीलाच पुढच्या टीकाकारांनीं इतिहास मानलें, आणि यादीकारांनीं त्या इतिहासावर आपल्या याद्या रचल्या.

आतां दुसऱ्या अंगठ्याकडे वळूं. आमच्या मतें तोच पहिला.

१९२७ च्या उन्हाळ्यांत व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर टेनेसी-व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरील ब्रिस्टल शहरीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन आला. १ ऑगस्टला त्याच्यापुढें व्हर्जिनियांतल्या एका खेड्यांतून तिघेंजण आलीं: ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सेरा, आणि मेबेल. मेबेलबाई ह्या सेराच्या चुलत-मामे नात्यांतल्या, आणि ए. पी. च्या भावाची बायको. वय अठरा, आणि दिवस गेलेले. त्यांच्या हातीं गिटार होती. तोंवर त्या डोंगरी मेळ्यांत गिटारीचें काम म्हणजे व्हायोलिन आणि बँजो ह्यांच्या मागें राहून ठेका धरणें, एवढेंच. मेबेलबाईंनीं काय केलें, तर अंगठ्यानें खालच्या जाड तारांवर गाण्याची सुरावट वाजवली, आणि तर्जनीनें वरच्या बारीक तारांवरून हात फिरवून स्वरसमूह आणि ताल दोन्ही राखले. एका हाताला तीन कामें. मेळ्यांत व्हायोलिन नाहीं, बँजो नाहीं. सेराची ऑटोहार्प आणि बाईंची गिटार, एवढ्यावर तें गाणें भरलेलें वाटतें. पुढच्या वर्षीं, १९२८ सालीं, न्यू जर्सींतील कॅमडन येथें ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हें गाणें त्यांनीं मुद्रित केलें. गिटार शिकणाऱ्या अमेरिकन मुलामुलींच्या किती पिढ्यांनीं त्यावर हात बसवला ह्याची गणतीच नाहीं.

त्याच सुमारास बाईंनीं गिब्सन कंपनीची एल-५ ही गिटार घेतली. ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. १९३८ पासून हें कुटुंब टेक्सासच्या सीमेवरील एका प्रचंड शक्तीच्या रेडिओ केंद्रावरून गाऊं लागलें, आणि दूरदूरच्या शेतावरचीं पोरें बाईंचा अंगठा ऐकून आपला अंगठा घडवूं लागलीं. वूडी गथ्रीनें तो घेतला. आंधळा डॉक वॉटसन (१९२३-२०१२), ज्याचें नांव ह्या याद्यांत नेहमीं वर असतें, तोही कार्टर कुटुंबाच्या तबकड्या ऐकत वाढला. आणि चेट ॲटकिन्स? तो नॅशव्हिलला स्थिरावला तोच मुळीं मेबेलबाई आणि त्यांच्या मुली ह्यांच्या मेळ्यांतला वादक म्हणून, १९५० सालीं. ग्रँड ओल ऑप्री ह्या तेथल्या प्रख्यात रेडिओ कार्यक्रमाच्या चालकांना ह्या मायलेकी हव्या होत्या, चेट नको होता. त्याला टाकून येण्याचें त्यांनीं साफ नाकारलें, आणि शेवटीं चालकांनाच नमावें लागलें.

यादीकार आम्हांस सांगतील, कीं मेबेल कार्टर हें नांव आमच्याही यादींत आहे. आहे, खरें. पण कसें? पितृपक्षांत पूर्वजांचें पान वाढावें तसें. पान वाढलें, नमस्कार केला, आणि मग खऱ्या जेवणाकडे वळले. ‘मदर मेबेल’ ह्या बिरुदांतच अर्धी मेख आहे. आई म्हटली, म्हणजे आदर करण्याची सोय झाली आणि कारागीर म्हणून तपासण्याची गरज उरली नाहीं. ट्रॅव्हिसला कोणी ‘बापूजी’ म्हणून कोपऱ्यांत बसवीत नाहीं. त्याच्या अंगठ्याची चिकित्सा होते, त्याच्या नांवानें पद्धत ओळखली जाते. बाईंच्या पद्धतीलाही ‘कार्टर स्क्रॅच’ असें नांव आहे. पण तें उच्चारतांना शिक्षक बहुधा म्हणतो, कीं ही सोपी, नवशिक्यांची. सोपी झाली ती बाईंनीं करून ठेवली म्हणून. मुळाक्षरें सारेच गिरवतात; म्हणून तीं ज्यानें प्रथम घडवलीं तो काय नवशिका ठरतो?

परंतु बाईंचा पक्ष घेतांना यादीकारांनीं केलेला अन्याय आम्हीं दुसऱ्या कोणावर करूं नये. १९२८ च्या सुमारास टेनेसींतील किंग्जपोर्ट येथें ए. पी. कार्टरची गांठ लेस्ली रिडल नांवाच्या कृष्णवर्णीय वादकाशीं पडली. सिमेंटच्या कारखान्यांतील अपघातांत रिडलचा एक पाय गेला होता. बंदुकीच्या दुसऱ्या एका अपघातांत उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं होतीं. उरलेल्या बोटांनीं तो असा वाजवी, कीं कार्टर त्याला घरीं घेऊन गेला. पुढें कित्येक वर्षें दोघे डोंगरांतून हिंडून गाणीं गोळा करीत. शब्द कार्टर टिपून घेई, चाल रिडल डोक्यांत ठेवी, आणि घरीं आल्यावर ती बायकांना वाजवून दाखवी. मेबेलबाईंचा अंगठा ह्या भेटीच्या आधींचा आहे. ब्रिस्टलच्या तबकड्या त्याची साक्ष देतात. परंतु बोटांनीं तारा उचलून वाजवण्याची, ब्लूजच्या वळणाची जी त्यांची दुसरी रीत, ती रिडलची. ‘द कॅननबॉल’ (१९३०) हें गाणें त्याच्याचकडून आलें. बाईंनीं आपण त्याच्यापासून शिकलों हें सांगण्यांत कधीं कमीपणा मानला नाहीं. तबकड्यांवर मात्र रचनाकार म्हणून नांव छापलें गेलें ए. पी. कार्टरचें, पीअरच्या धंद्याची घडीच तशी होती, कीं ज्याचें नांव कागदावर त्याचा वांटा. रिडलचें नांव कागदावर कोठेंच नव्हतें. १९४२ सालीं तो न्यू यॉर्क संस्थानांतील रॉचेस्टरला निघून गेला, आणि हळूहळू त्याची गिटारही सुटली.

आमच्या पुराणांत गुरूनें शिष्याचा अंगठा मागून घेतला. येथें शिष्यांनीं गुरूंचा घेतला, आणि मागावाही लागला नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. आद्य असणें वेगळें, श्रेष्ठ असणें वेगळें. ज्यानें पहिली होडी कोरली तो काय उत्तम नावाडी? मान्य. म्हणूनच आम्ही केवळ वंशावळीवर आपला दावा बांधीत नाहीं. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ ची १९२८ ची तबकडी ऐकावी, आणि ती मुळांत कोणाची हें विसरून ऐकावी. सेराचा आवाज थांबतो तेथें अंगठा तेंच वाक्य उचलून पुढें नेतो. कोठें घाई नाहीं, कोठें खंड नाहीं, एकही स्वर दाखविण्यासाठीं वाजवलेला नाहीं. डॉक वॉटसनचा वेग आम्हांस प्रिय आहे तो ह्याच कारणानें. तो ज्या नाचाच्या मेळ्यांत वाजवी तेथें व्हायोलिनवाला नव्हता, नाचणारांना तर व्हायोलिनच्या चाली हव्या होत्या. त्या गिटारीवर काढतां काढतां त्याचा हात धांवूं लागला. तो वेग गरजेंतून आला, आणि गरजेपुरता राहिला.

१९७१ सालीं नॅशव्हिलमध्यें ‘नित्ती ग्रित्ती डर्ट बँड’ ह्या तरुणांच्या मेळ्यानें जुन्या मंडळींना एकत्र आणून जें ध्वनिमुद्रण केलें, त्यांत मेबेलबाई, ट्रॅव्हिस आणि वॉटसन तिघेंही होतीं. वॉटसननें आपल्या मुलाचें नांव ट्रॅव्हिसवरून मर्ल ठेवलें होतें. तरी दोघांची प्रत्यक्ष भेट प्रथम तेथेंच झाली. ती मंडळी एकमेकांना क्रमांक देत बसलीं नाहींत. क्रमांक देण्याची हौस आली ती श्रोत्यांच्या बाजूनें, आणि तिचा परिणाम काय होतो तेंही पाहून ठेवावें. ब्लूग्रास संगीताच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचीं वार्षिक पारितोषिकें १९९० पासून सुरू झालीं. त्यांतील गिटारवादनाचें पारितोषिक एका स्त्रीला, मॉली टटल हिला, प्रथम मिळालें तें २०१७ सालीं. ब्रिस्टलला त्या वेळीं नव्वद वर्षें झालीं होतीं.

शुल्ट्झचें वादन आतां कोणालाच ऐकतां येणार नाहीं. रिडलचें येतें. माइक सीगर ह्यानें १९६५ सालीं रॉचेस्टरला जाऊन त्याला शोधून काढलें, त्याच्या हातीं पुनः गिटार दिली, आणि पुढें कांहीं वर्षें त्याचें गाणें-वाजवणें मुद्रित केलें. तें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. तोंवर रिडलला जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. यादीकारांनीं पुढची यादी छापण्यापूर्वीं तें एकदां ऐकावें, आणि तें ऐकून लागलीच ‘द कॅननबॉल’ ची १९३० ची तबकडी लावावी.